जीभ जड होते तेव्हा

मराठी शिकविणाऱ्या माणसाचे भांडवल म्हणजे त्याची जीभ. जीभ चाचरणे, जिभेला हाड नसणे हे वाक्प्रचार मी वीस वर्षे शिकवीत आलो. परंतु जीभ श्वासाच्या वाटेवरच बसलेली असते, हे मला गेल्या वर्षी उमगले.

माझ्या दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. तासाभरात आम्ही रुग्णालय गाठले. मेंदूत रक्तस्राव नाही अशी खात्री होताच गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेज शिरेतून सुरू झाले. अमेरिकेत हे औषध या दुखण्यासाठी १९९६ साली मान्य झाले. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते.

औषध संपत आले आणि दादांची बोटे हलली. आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा ओठ बघा हो!" ओठाची उजवी बाजू फुगली होती, मागोमाग जीभही. डॉक्टरांनी विचारले, "रक्तदाबाची गोळी कोणती?" वहिनींनी पिशवीतून पाकीट काढले. रॅमिप्रिल.

औषध थांबले, इंजेक्शने झाली, घशात घालायची नळी उशाशी तयार राहिली. तिची पाळी आली नाही. पहाटेपर्यंत सूज ओसरली.

डॉक्टरांनी मग उलगडा केला. गुठळी फोडण्याच्या क्रियेत ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य मोकळे होते आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून सूज येते. हे द्रव्य मोडणाऱ्या विकरालाच रॅमिप्रिलसारख्या गोळ्या अडवून धरतात. शंभरांत एक ते पाच रुग्णांना अशी सूज येते, बहुधा लुळ्या बाजूला; बहुतेकांची सौम्यच असते. पण क्वचित श्वास कोंडतो, म्हणून औषध चालू असताना आणि नंतरही काही तास ओठ-जिभेवर नजर हवी.

हे ऐकून आमच्या मावशींनी रक्तदाबाची गोळीच सोडण्याचा बेत जाहीर केला. दादाच अडखळत्या जिभेने गरजले, "गोळी... घ्यायची!" खरेच आहे. ज्या औषधाने जीभ सुजली, त्यानेच ती बोलती केली होती.

मी मात्र घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची नावे ठळक अक्षरांत लिहून ज्याच्या त्याच्या पाकिटात ठेवली आहेत. इतके उपयोगी लेखन माझ्या हातून क्वचितच झाले असेल!