ऊन कुठून येतंय?

मंगळाचं ते छायाचित्र पहिल्यांदा उघडलं, तेव्हा इडल्यांसारखी फुगीर टेकाडं दिसली. वहीत शाईनं 'टेकड्या' असं लिहिलंसुद्धा. मग ध्यानात आलं, ऊन डावीकडून येतंय. 'मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर' हे यान २००६पासून मंगळाभोवती फिरतंय. त्याचा हायराइज कॅमेरा सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून टिपतो ती बहुधा तिथली दुपार, तीनच्या आसपासची. उत्तर वर धरली, तर सूर्य पश्चिमेला, म्हणजे डावीकडे. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची जन्माची सवय. उन्हाची दिशा मनाशी पक्की केली आणि टेकाडं आत गेली, खड्डे झाली. चित्रातला एक ठिपकाही हलला नव्हता.

नंतर अशी चित्रं वाचायला शिकलो. खड्ड्यावर वाळूची लाट चढली असेल, तर खड्डा आधीचा, वाळू नंतरची. सारवलेल्या अंगणात पावलं थोडी असली, की समजावं सारवण ताजं आहे; तसंच जिथे खड्डे विरळ, ती जमीन वयानं कोवळी.

तरी चुका होतातच. १९७६मध्ये व्हायकिंग यानानं टिपलेल्या एका डोंगरात लोकांना माणसाचा चेहरा दिसला. पुढच्या स्पष्ट चित्रांत उरला झिजलेला डोंगर. २०११मध्ये उन्हाळ्यात उतारांवरून लांबत जाणारे काळपट पट्टे पाहून खारट पाण्याची आशा वाटली. २०१७च्या अभ्यासात दिसलं, की कोरडी वाळू घसरून जिथे थांबते तेवढ्याच उतारावर तेही थांबतात.

दुरून डोंगर साजरे, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण लोणार आड येतं. आपल्याच बुलढाण्यात, काळ्या बसाल्टमध्ये, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर. काठावर उभं राहून, खाली उतरून पाहणाऱ्या जाणकारांनीही ते बराच काळ ज्वालामुखीचंच मानलं. उत्तर सापडलं सूक्ष्मदर्शकाखाली: प्रचंड आघातानं काच झालेल्या खनिजाच्या कणांत. जवळ जाणं पुरेसं नव्हतं. दगडाला नेमकं काय विचारायचं, तेही कळावं लागलं.

मंगळावरच्या त्या पट्ट्यांतली चिमूटभर वाळू अजून कुणाच्या हाती आलेली नाही. वहीतल्या 'टेकड्या' मी खोडलेल्या नाहीत. त्यांच्याखालची नावं मात्र शिसपेन्सिलीनं लिहिली आहेत.