जागच्या जागी

शेवगाव-पाथर्डीकडं लिनक्स मागत कुणी दुकानात येत नाही. मशीन रखडतं म्हणून येतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मोफत अपडेट थांबली आणि ११ चढू न शकणारी, पण धडधाकट अशी पतसंस्थांची, शाळांची मशीनं माझ्या टेबलावर साचली. एसएसडी घालायची, रॅम वाढवायची, लिनक्सचं डेबियन टाकायचं. यात डोकं लागत नाही. डोकं लागतं ते डेस्कटॉप कोणता द्यायचा यात.

मी एक्सएफसीई देतो. तिची मुख्य पट्टी मुळात वर असते. ती खाली ओढतो, मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडं. शाळेतल्या क्लार्क बाई स्क्रीन वाचत नाहीत, त्यांचा हात जागेवर जातो. जागा हलली की लगेच फोन, "भाऊ, स्टार्ट कुठंय?"

ही तक्रार फक्त तालुक्याची नाही. एप्रिल २०११मध्ये ग्नोम या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली तेव्हा खालची पट्टी गेली, नेहमीचा मेनू गेला, खिडकी लहान करायचं बटणसुद्धा गेलं. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीईकडं गेले. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुन्या ग्नोम २चा कोड उचलून माटे हा डेस्कटॉप सुरू केला.

मात्र जुनं तसंच ठेवणं फुकट होत नाही. माटेला सगळा डोलारा जीटीके ३ या नव्या पायावर हलवायला २०१७ उजाडलं. एक्सएफसीईची ४.१२ आवृत्ती फेब्रुवारी २०१५ची, ४.१४ थेट ऑगस्ट २०१९ची. मधली साडेचार वर्षं मुख्यतः याच स्थलांतरात गेली, आणि समोर बसणाऱ्याला फरक जवळजवळ दिसला नाही. वाड्याची तुळई बदलावी आणि माजघरातल्या आजींची झोप मोडू नये, असं हे काम. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. माझ्या मते सगळ्यात अवघड कारागिरी हीच.

तरी ग्नोमवाल्यांना नुसती नावं ठेवणं मला जमत नाही. २०१२च्या ३.६मध्ये त्यांनी आयबस हे इतर भाषांत टाइप करायचं साधन डेस्कटॉपातच बसवलं. सेटिंगमध्ये मराठी जोडा, सुपर आणि स्पेस दाबा, इन्स्क्रिप्ट कळफलक सुरू. 'दऱ्या'तला ऱ्य काढणाऱ्या माणसाला ही सोय केवढी वाटते, ते इंग्रजीत काम करणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून घरच्या लॅपटॉपवर माझं ग्नोमच आहे. गिऱ्हाइकाला एक देतो आणि स्वतः दुसरं वापरतो, यावरून पोरगा चिडवतो. चिडवू दे. माझा हात चुकला तर माझीच पाच मिनिटं जातात. पतसंस्थेत खिडकीशी रांग उभी असते.

आता पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या एक्स११च्या जागी वेलँड आलंय. डेबियन १३मधल्या एक्सएफसीई ४.२०त ते अजून प्रयोगापुरतंच आहे, म्हणून गिऱ्हाइकांची मशीनं मी जुन्या एक्स११वरच ठेवतो. आयबस मात्र एक्सएफसीईत दर मशीनवर अजून हातानंच बसवावं लागतं.