मोतीबाग : नागपूरच्या छोट्या गाड्यांचा विसावा

विदर्भातील तीर्थक्षेत्रांच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबांच्या वाटेत नागपूर हमखास येते. कोणी रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जातात, कोणी अमरावती-परतवाड्याच्या मार्गाने मुक्तागिरीच्या बावन्न जिनालयांकडे वळतात. नागपुरात मुक्काम झालाच, तर इतवारीतील मंदिरांचे दर्शन आणि संत्र्याच्या बर्फीची खरेदी एवढे आटोपून मंडळी पुढच्या गाडीची वाट पाहू लागतात. अशा वेळी हाती राहणाऱ्या दोन-तीन तासांत, विशेषतः मुले बरोबर असतील तर, अवश्य पाहावे असे एक ठिकाण कडबी चौकाजवळ आहे. ते म्हणजे मोतीबागचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय.

मोतीबाग हे नाव बागेचे असले, तरी नागपूरकरांच्या मनात त्याचे नाते लोखंडाशी आणि भोंग्याशी जडलेले आहे. येथे रेल्वेचा जुना कारखाना आहे. त्याच्या शेजारीच नॅरोगेज इंजिनांची शेड होती. सातपुड्यात आणि वैनगंगेच्या खोऱ्यात धावणाऱ्या छोट्या गाड्या येथेच दुरुस्त होत, येथेच रंगत आणि येथूनच पुन्हा कामावर जात. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या या परिसरात २००२ साली संग्रहालय सुरू झाले.

या गाड्यांचा इतिहास समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळमार्ग मुंबईहून १८६७ साली नागपूरला पोहोचला. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग आपल्याकडे घेतला, तो रुंद केला आणि नागपूरला पूर्व भारताशी जोडले. मुख्य मार्गाच्या दोन्ही अंगांना मात्र डोंगर, जंगल आणि विरळ वस्तीचा मुलूख होता. तेथे १६७६ मिलिमीटर रुंदीचा ब्रॉडगेज मार्ग टाकण्याचा खर्च कंपनीला परवडणारा नव्हता. म्हणून ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट रुंदीचा मार्ग पत्करण्यात आला. रूळ हलके, पूल लहान, वळणे तीव्र घेता येत, त्यामुळे बोगदे आणि भराव यांचा खर्च वाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत आणि त्यानंतर नागपूरहून छिंदवाडा व नागभीड या दिशांना असे शेकडो किलोमीटरचे जाळे विणले गेले. जंगलातील लाकूड, शेतातील धान्य आणि खाणींतील खनिज याच वाटेने बाजारपेठेपर्यंत आले.

संग्रहालयात प्रवेश केल्यावर पावले आपोआप वाफेच्या इंजिनाकडे वळतात. बंगाल नागपूर रेल्वेसाठी ग्लासगो येथे बांधलेल्या ‘सीसी’ वर्गातील इंजिन हा येथील मानबिंदू आहे. काळेभोर धूड, पितळी भाग, उघडी दिसणारी चाके व दांडे पाहून लहान मुले हरखून जातात आणि वडीलधारी मंडळी छायाचित्रे काढतात. जुने डबे, घड्याळे, कंदील, सिग्नलची साधने अशा वस्तूही मांडलेल्या आहेत, आणि मुलांना फिरवून आणणारी छोटी आगगाडीही आहे.

वाफेचे इंजिन आवडते याला कारण आहे. त्याचे कार्य डोळ्यांना दिसते. आग दिसते, वाफ दिसते, दांडा पुढे-मागे सरकताना दिसतो. त्यानंतर आलेल्या डिझेल इंजिनाचे तसे नाही. ते एका पत्र्याच्या पेटीत झाकलेले असते. म्हणून पाहणाऱ्याची नजर त्यावरून सहज निसटते. वास्तविक आज चाळिशी ओलांडलेल्या विदर्भवासीयांनी ज्या छोट्या गाडीतून प्रवास केला, ती बहुधा डिझेल इंजिनानेच ओढलेली होती.

नॅरोगेजवरील या इंजिनांना ‘झेडडीएम’ असे नाव होते. त्यातील ‘झेड’ हे अक्षर अडीच फुटी मार्गाचे, ‘डी’ हे डिझेलचे आणि ‘एम’ हे प्रवासी व माल दोन्ही वाहण्याच्या क्षमतेचे निदर्शक. १९६० च्या दशकात यांपैकी काही जर्मनीतून आली. पुढे पश्चिम बंगालमधील चित्तरंजनच्या कारखान्यात ७०० अश्वशक्तीची इंजिने तयार होऊ लागली. देशातील कारागिरांनी अरुंद मार्गाच्या गरजा ओळखून त्यांची घडण केली. हलक्या रुळांवर भार जास्त पडू नये म्हणून ‘झेडडीएम-४’ आणि ‘४ अ’ या प्रकारांत ओढणाऱ्या चार चाकजोड्यांच्या पुढे व मागे प्रत्येकी एक साधी चाकजोडी जोडण्यात आली. या जादा जोड्यांचे काम एवढेच, की इंजिनाचे वजन वाटून घ्यावे.

या इंजिनांची आणखी एक विशेषता आहे. मोठ्या मार्गावरील बहुतेक डिझेल इंजिने आधी वीज निर्माण करतात आणि त्या विजेवर चाके फिरवतात. झेडडीएममध्ये हे काम तेल करते. इंजिनाने एक पंखा फिरतो, तो बंदिस्त तेलाला गती देतो, ते तेल समोरच्या दुसऱ्या पंख्याला फिरवते आणि तेथून दांड्यांच्या मार्फत शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. दोन पंख्यांच्या मध्ये लोखंडाचा स्पर्श नाही, केवळ तेलाचा प्रवाह आहे. चढावर गाडी हळू आणि न झटकता उचलली जाते ती यामुळे.

चढ काही कमी नव्हते. नागपूर-छिंदवाडा हा सुमारे १५० किलोमीटरचा मार्ग सावनेर, सौंसरची सपाटी सोडून सातपुड्याचा घाट चढे. भिमालगोंदी आणि कुकडीखापा यांच्या परिसरात गाडी वळणे घेत जाई, तेव्हा शेवटच्या डब्यातील प्रवाशाला आपल्याच गाडीचे इंजिन खिडकीतून दिसे. पावसाळ्यात कुकडीखापाचा धबधबा पाहण्यासाठी मंडळी मुद्दाम त्या गाडीने जात. नागभीडचा १०० किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा मार्ग सपाटीचा होता. तो उमरेडवरून, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरवरून जाई. दूधवाले, भाजीवाले, विद्यार्थी, कचेरीतील कारकून यांचा तो रोजचा रस्ता होता.

ही गाडी सुखाची होती असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. वेग मंद, डबे दाटीचे, वेळापत्रक भरवशाचे नसे. अत्यवस्थ रुग्णाला नागपूरला आणायचे असेल किंवा शेतमाल वेळेत पोहोचवायचा असेल, तर या गाडीवर अवलंबून राहणे कठीण होते. रुंद मार्गाची मागणी लोकांनीच वर्षानुवर्षे केली आणि ती रास्त होती. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची छोटी गाडी थांबली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इतवारी-नागभीड गाडीनेही निरोप घेतला. शेवटच्या फेरीचा दिवस आला, की अशा मार्गांवरचे लोक फुलांचे हार घेऊन स्थानकावर येतात. ज्या गाडीविषयी आयुष्यभर कुरकुर केली, तिच्यासाठी डोळे पाणावतात. त्यात विसंगती नाही.

मार्ग उखडला जातो तेव्हा इंजिनांचे काय होते, हा यापुढचा प्रश्न. ७६२ मिलिमीटरचे इंजिन रुंद मार्गावर चालू शकत नाही. काही इंजिने दुसऱ्या नॅरोगेज विभागात पाठवता येतात, पण असे विभागही आता थोडेच उरले आहेत. एखादे नशीबवान इंजिन स्थानकासमोर किंवा संग्रहालयात जागा मिळवते. मध्य प्रदेशातील नैनपूर या जुन्या नॅरोगेज जंक्शनातही असे संग्रहालय उभे राहिले आहे. बाकीच्यांची वाट लिलाव आणि भंगार हीच असते.

वाफेच्या इंजिनाला वाचवणारे हात जगभर पुष्कळ निघाले. डिझेलच्या वाट्याला ती माया उशिरा आली. ब्रिटनमध्ये १९६८ च्या ऑगस्टमध्ये मुख्य मार्गांवरील वाफेचे युग संपले आणि रेल्वेप्रेमींनी आपली सर्व शक्ती वाफेच्या इंजिनांमागे लावली. तरीही ‘डेल्टिक’ नावाच्या वेगवान डिझेल इंजिनांवर लोभ असलेल्या काही जणांनी १९७७ सालीच संस्था स्थापन केली. ती इंजिने त्या वेळी अजून धावत होती. १९८२ च्या आरंभी ती सेवेतून गेली, तेव्हा बावीसपैकी सहा वाचू शकली. इंजिन चालू असतानाच त्याच्या रक्षणाचा विचार सुरू झाला, म्हणून हे साधले.

रक्षण म्हणजे नेमके काय, हेही पाहिले पाहिजे. चौथऱ्यावर उभे करून, रंग देऊन, भोवती साखळी लावली की इंजिन वाचले असे आपण समजतो. विदर्भाचे ऊन आणि पाऊस मात्र वेगळेच सांगतात. पत्र्याच्या सांध्यांतून पाणी शिरते. थंड करण्यासाठी फिरवलेले पाणी आत राहिले तर गंज धरतो. टाकीतले डिझेल जुने होऊन चिकट बनते आणि इंजेक्टरची बारीक छिद्रे बुजतात. रबरी वायसर तडकतात, बॅटरी मरते, उंदीर तारा कुरतडतात. बाहेरून चकचकीत दिसणारे इंजिन पाच-दहा वर्षांत आतून निकामी होते. त्याला छप्पर हवे, ते अधूनमधून हाताने फिरवले पाहिजे, शक्य असेल तर वर्षातून काही वेळा सुरू केले पाहिजे. एक इंजिन जिवंत ठेवायचे तर त्याच वर्गाच्या दोन-तीन इंजिनांचे सुटे भाग जपून ठेवावे लागतात, कारण ते कोणत्याही बाजारात मिळत नाहीत.

याहून दुर्मिळ होत चाललेली गोष्ट म्हणजे ते इंजिन ओळखणारा माणूस. अनुभवी फिटर आवाजावरून सांगतो, की कोणता सिलिंडर आळस करतो आहे. जुन्या चालकाला ठाऊक असते, की घाटाच्या कोणत्या वळणावर किती जोर द्यायचा आणि पावसात ओल्या रुळावर वाळू केव्हा सोडायची. छापील पुस्तकात यातील थोडेच असते. बाकीचे हातात आणि कानात असते. मोतीबागने अशी माणसे घडवली. ती आता निवृत्त झाली आहेत, काही वयोवृद्ध आहेत.

या संदर्भात कारंजा लाड या गावाची आठवण होणे स्वाभाविक आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ही छोटी गाडी कारंजावरून जात असे. मूर्तिजापूरहून तीच गाडी पुढे अचलपूरपर्यंत, म्हणजे मुक्तागिरीच्या जवळ जाई. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावले आणि मग तिला डिझेल इंजिन मिळाले. आता ती गाडीही थांबली आहे. त्याच कारंजाच्या मंदिरांतील शास्त्रभांडारांत अनेक हस्तलिखिते शतकानुशतके जपली गेली. श्रावकांनी ती वेष्टनांत बांधली आणि श्रुतपंचमीला बाहेर काढून धूळ झटकली. तरी त्यांतील अपभ्रंश ग्रंथ जगापुढे आले ते ती भाषा जाणणारा अभ्यासक तेथे पोहोचल्यावर. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले पुष्पदंतांचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. पाने टिकली हे श्रावकांचे ऋण, आणि ती पुन्हा बोलू लागली हे वाचणाऱ्याचे. वाचणारा कोणी उरलाच नसता, तर वेष्टनातील ग्रंथ सुरक्षित असूनही मुका राहिला असता. यंत्राचेही तसेच आहे. लोखंड जपले आणि ते चालवण्याची विद्या गेली, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ एक मोठी वस्तू येईल.

हा प्रश्न छोट्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. देशातील रुंद मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आले आहे आणि मोठी डिझेल इंजिनेही एकेक करून सेवेतून जात आहेत. वाफ आणि वीज यांच्या मधली ही पिढी इतिहासातून गळू नये यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज आहे असे नाही. निवृत्त कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, त्यांच्या जवळच्या नोंदवह्या व नकाशे जपणे, शाळा-महाविद्यालयांतील तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना एखादे इंजिन सुरू ठेवण्याच्या कामात सामील करून घेणे, इतके झाले तरी पुष्कळ होईल. आपल्या समाजात रेल्वेत सेवा केलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या घरातील जुनी वही, पास, गणवेशातील छायाचित्र हेही रक्षणीय साधन आहे.

मोतीबागला जाणाऱ्यांनी संग्रहालयाची वेळ आधी विचारून घ्यावी आणि उन्हाळ्यात सकाळीच जावे. मुलांना वाफेचे इंजिन मनसोक्त पाहू द्यावे, छोट्या गाडीतून फिरवावे. त्यानंतर डिझेलच्या युगाविषयीही त्यांना सांगावे, की त्यांच्या आजी-आजोबांना छिंदवाड्याला, उमरेडला, नागभीडला नेणारी गाडी कोण ओढत असे आणि त्या पत्र्याच्या पेटीत तेल कसे फिरत असे. बरोबर एखादे निवृत्त रेल्वे कर्मचारी आजोबा असतील तर अधिकच उत्तम. त्यांना बोलते करावे आणि ते सांगतील ते मुलांनी घरी आल्यावर लिहून ठेवावे.