मान कलती हवी

आपल्या संग्रहात सप्तशृंगीच्या छापील तसबिरी किती आहेत, हे गुरुजींनी कधी मोजलं नाही. वणीच्या बाजारात तसबिरी मढवणाऱ्यांकडे त्यांचा राबता असे. जुनी चौकट दुरुस्तीला आली की मागचा पुठ्ठा ते आपल्या देखत उघडायला लावत. पुठ्ठा कुजला की लोक त्याच्या जागी जुनं कॅलेंडर नाहीतर जुना देवच सारून देतात. त्यामुळे एका देवामागून दुसरा देव निघे. तो मागून घ्यायचा आणि बदल्यात पुढच्या देवाला नवी काच बसवून द्यायची, हा त्यांचा व्यवहार. चित्रकलेच्या शिक्षकाची पेन्शन ती केवढी, बहुतेक काचेतच गेली.

तसबीर पारखताना ते आधी मान बघत. गडावरची अठरा भुजांची देवी मान किंचित कलती करून उभी आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणतात, ती ऐकतेय, हे आमच्याकडे लहान पोरही सांगतं. ताठ मानेची देवी छापलेली दिसली की गुरुजी म्हणत, "हा चित्रकार गड चढलेला नाही."

मग भिंग निघे. ऑफसेटचे ठिपके कवायतीला उभे असल्यासारखे रांगेत दिसतात. जुन्या शिळाछापात मात्र ते हाताने दिलेले: गालावर विरळ, हनुवटीखाली दाट, एकासारखा दुसरा नाही. दगडावर तेलकट शाईने काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई तेवढ्या तेलकट भागालाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. जुळणी केसभर हुकली की ओठांचा लाल रंग ओठांबाहेर. असे हुकलेले छाप गुरुजींना विशेष प्रिय. बिनचूक छाप ते पटकन बाजूला ठेवत.

राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम करत, हे सांगताना गुरुजींचा नाशिककरी आवाज चढे. 1972 च्या आगीत छापखाना जळाला. तरी चित्रं उरली, कारण ती कधीच घरोघर पांगली होती. म्हणूनच की काय, पूजेत असलेली तसबीर गुरुजींनी कुणाकडे कधी मागितली नाही. संग्राहकाला हे परवडत नाही, पण त्यांना संग्राहक म्हटलेलंही आवडत नसे.

कुंकवाची बोटं उमटलेला कागद ते पुसू देत नसत. छापखान्यातून निघाल्यावर चढलेला हा शेवटचा रंग, असं त्यांचं म्हणणं. मला ते भाबडं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

ते गेले, आणि त्यानंतर 2022 मध्ये देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर संवर्धनासाठी उतरवले गेले. आतलं रूप उघडं झालं. भक्तांनी चढवलेला शेंदूर खरा, तशी कुणा अनाम कारागिराची छिन्नीही खरी. यात गुरुजी कुणाची बाजू घेते? माझा अंदाज, आधी चांगले संतापले असते आणि दर्शन खुलं झालं त्या पहाटे भिंग खिशात टाकून पायऱ्यांशी उभे राहिले असते.

नवरात्रात गडावरच्या एका दुकानात शेंदरी रूपाची आणि नव्या रूपाची अशा दोन्ही तसबिरी शेजारी टांगलेल्या होत्या. दोन्ही मागितल्या. "एकच न्या की, बाई तीच," दुकानदार म्हणाला. तरी दोन्ही घेतल्या आणि गुरुजी लिहीत तसं मागे पेन्सिलीने दुकान, किंमत, तारीख टिपलं. मानेपाशी भिंग धरून बघत होतो, तर दोन पोरं येऊन वाकली. त्यांना ठिपके दाखवले. थोरल्याने भिंग माझ्या हातून काढूनच घेतलं, देवीवरून फिरवलं, प्रसादाच्या पुड्यावरून फिरवलं आणि मग धाकट्याच्या शर्टावरच्या छापील वाघाच्या मिशा तपासायला लागला.