पाकळ्यांची भूमिती

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला ट्रकच्या इंजिनाविषयी कोणी सल्ला विचारत नाही. आमच्या धाकट्या भावानेही तो विचारला नव्हता; त्याला हवा होता अनुवाद. आपल्या जुन्या ट्रकला तो ‘व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोचार्जर’ बसवून घेत होता आणि सोबतचे इंग्रजी पत्रक त्याने आमच्यापुढे टाकले. ट्रकच्या कर्जाला जामीन आम्हीच. त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती.

नांदेड गोदाकाठी, लातूर बालाघाटाच्या पठारावर. उंचीतला फरक अडीचशे मीटरांहून अधिक. नांदेडहून सोयाबीन भरून निघालेली त्याची गाडी चढ लागला की काळा धूर ओकी आणि दम टाकी. काळा धूर म्हणजे हवा अपुरी पडल्याने अर्धवट जळालेले डिझेल. बाहेर पडणाऱ्या धुरानेच चक्र फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, ही युक्ती जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. अडचण एवढीच, की इंजिन मंद असताना धूरही मंद असतो. म्हणजे चढावर, नेमक्या गरजेच्या वेळी, चक्राला जोर नसतो.

शीर्षकाचे आम्ही ‘परिवर्ती भूमिती’ असे भाषांतर केले आणि त्यावर काहीसे खूषही झालो. गॅरेजातल्या मिस्त्रींनी ते ऐकून घेतले. “भूमिती शाळेत ऱ्हाऊ द्या, सर. ह्या पाकळ्या हायेत,” चक्राभोवतीच्या पात्यांच्या कड्यावर बोट ठेवून ते म्हणाले. “मिटल्या की वाट अरुंद होती, धूर जोरात पळतो. उघडल्या की मोकळा जातो.” परिभाषा कोशांवर वाद घालणाऱ्या आमच्या पिढीला हा शब्द सुचला नसता, हे कबूल केलेले बरे.

पण खरी फजिती पुढेच होती. पाकळ्या किती मिटाव्यात याची हद्द एका स्क्रूने बांधलेली असते. तो हलवू नये, किमान प्रवाह त्यानेच ठरतो, असे पत्रकात होते. आम्ही घाईत लिहिले होते : ‘प्रवाह किमान ठेवावा.’ एक नकार गळला होता. भावाने पाना उचललाही. मिस्त्रींना इंग्रजी येत नाही, तरी त्यांनी त्याचा हात धरला आणि आम्हांला म्हणाले, “पुन्हा वाचा.” पाकळ्या हद्दीबाहेर मिटल्या तर धूर मागे तुंबतो, चक्र मर्यादेपलीकडे फिरते, आधीच ते मिनिटाला लाखभर फेरे घेत असते. आम्ही पुन्हा वाचले. मान खाली घालूनच.

जुन्या इंजिनाला संगणक नसल्याने पाकळ्या हलवण्यासाठी मिस्त्रींनी टर्बोच्याच हवेच्या दाबावर चालणारी डबी जोडली. तेलाची नळी घट्ट करण्याआधी त्यांनी छिद्रात तेल ओतले, चक्र बोटाने फिरवून पाहिले. कोरडा शाफ्ट पहिल्या काही क्षणांतच झिजतो म्हणे. मग इंजिन सुरू करून बराच वेळ नुसतेच चालू ठेवले.

रात्री अहमदपूरहून भावाचा फोन आला. वजन तेवढेच होते, धूर कमी होता, एवढेच तो बोलला. पत्रकाचा आमचा अनुवाद त्याने परत आणून दिला, तेव्हा त्यावर तेलाचे बोट उमटले होते आणि ते एक वाक्य आडव्या रेघेने खोडलेले होते.