आधी निदान, मग पाना

पंधरा-वीस वर्षं शेतात राबलेला डिझेल ट्रॅक्टर दुरुस्तीला येतो तेव्हा सहसा एकच तक्रार घेऊन येत नाही. सकाळी सेल्फ जड फिरतो, इंजिन पांढरा धूर टाकतं पण पकडत नाही. चालू झालं तरी नांगराला लावल्यावर तासाभरात गरम होतं. बॅटरी नवी घातली तरी टिकत नाही, आणि लिफ्ट रोटाव्हेटर उचलताना दमते. एवढी यादी ऐकली की मालक आणि मेस्त्री दोघांच्याही तोंडी एकच वाक्य येतं, ‘इंजिन काम निघालं.’ मग हेड उतरतं, रिंग-पिस्टन आणि लायनर येतात, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला जातात. हंगामाचा पैसा त्यात जातो, आणि पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत त्यातल्या निम्म्या तक्रारी परत येतात. तक्रारी जितक्या, तितके बिघाड हा समजच याच्या मुळाशी आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या पाच तक्रारींपैकी तीन-चार एकाच जागेवरून निघालेल्या असू शकतात. ती जागा सापडण्याआधी जो नट सैल होतो, तो तपास सोपा करत नाही, अवघड करतो.

हे असं का होतं, याचं उत्तर या यंत्राच्या बांधणीत आहे. आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर ज्या घराण्यांतून आले ती घराणी साठ-सत्तरच्या दशकांत इथे रुजली. १९६० साली चेन्नईत टाफे स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन इथे बनू लागला. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी करार केला. १९७१ साली एचएमटीने झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर काढला आणि १९७४ साली मोहालीहून देशी आराखड्याचा स्वराज आला. त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही शेतात आहेत आणि त्यांतल्या जुन्या गाड्यांत संगणक नाही. डिझेल किती आणि केव्हा सोडायचं हे यांत्रिक पंप ठरवतो. बिघाड सांगणारा दिवा त्यांच्यात नाही, पण हाताने, डोळ्याने आणि साध्या मल्टिमीटरने तपासता येणार नाही असंही त्यांच्यात फारसं काही नाही. मात्र या गाड्यांत एकच भाग अनेकांची सेवा करतो. एकाच पट्ट्यावर पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरतात. एकाच अर्थिंगवरून सेल्फ, दिवे आणि गेज चालतात. अनेक मॉडेलांत गिअरबॉक्स आणि लिफ्ट एकच ऑईल वापरतात. असा सामायिक भाग ढिला पडला की तक्रारी चार ठिकाणी उगवतात.

पट्ट्याचंच उदाहरण घेऊ. पट्टा सैल झाला, किंवा झिजून पुलीच्या तळाला टेकू लागला, की तो घसरतो. मोकळ्या गाडीवर हे जाणवत नाही. नांगराच्या लोडला मात्र वॉटर पंप आणि पंखा कमी पडतात आणि गाडी गरम होते. त्याच वेळी डायनॅमो पुरेसा फिरत नसल्यामुळे बॅटरी अर्धवट चार्ज राहते. अर्धवट बॅटरीवर सकाळी सेल्फ सावकाश फिरतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सोळा-सतरा पट दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. इंजिन सावकाश फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला आणि तिची उष्णता थंड सिलिंडरमध्ये मुरायला वेळ मिळतो. मग डिझेल पेटत नाही, पांढऱ्या वाफेसारखं सायलेन्सरातून बाहेर पडतं. आता मालक रेडिएटरवाल्याकडे, बॅटरीवाल्याकडे आणि पंपवाल्याकडे असा तीन ठिकाणी फिरतो, आणि तिघेही आपापलं काम प्रामाणिकपणे करून देतात. पट्टा कुणीच पाहत नाही. पट्ट्याच्या लांब बाजूला मधोमध अंगठ्याने दाबलं तर साधारण १२ मिलिमीटर लवायला हवा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन वाढवल्यावर तो आकडा १३.८ ते १४.४ व्होल्टवर यायला हवा. या तीन तपासण्यांना दहा मिनिटं लागतात.

पट्टा ठीक निघाला तर अर्थिंग तपासायचं. त्याची एक परीक्षा प्रत्येक मालकाने शिकून घ्यावी. गाडी न्यूट्रलला घ्यायची, हँडब्रेक लावायचा आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपर ओढून ठेवायचा. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलच्या शिशावर टेकवायची. वायरच्या टर्मिनलवर टेकवली तर टर्मिनल आणि पोल यांच्यातला गंज हिशेबातून निसटतो, म्हणून शिशावरच. लाल पिन इंजिनच्या खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर धरायची आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. सेल्फ फिरत असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक आहे. तो दोनवर गेला तर सेल्फला मिळायचे दोन व्होल्ट हिरव्या गंजात आणि रंगाच्या थरात जळत आहेत. एवढ्याने सेल्फ जड होतो, धूर पांढरा येतो, दिवे मंदावतात आणि गेज खोटं बोलू लागतं. हाच पांढरा धूर पाहून ‘रिंगा गेल्या’ असं ठरतं. पॉलिश पेपर आणि एक चांगली अर्थिंग पट्टी एवढ्यात जे मिटलं असतं, त्यासाठी इंजिन खोललं जातं.

दुसरी साखळी डिझेलची. इंजिनच्या अंगाला डायफ्रामचा फीड पंप असलेल्या गाड्यांत तो डायफ्राम फाटला की डिझेल दोन वाटांनी जातं. थोडं पुढे फिल्टरकडे आणि थोडं खाली इंजिन ऑईलच्या चेंबरमध्ये. परिणामी गाडी लोडला बसते, कुठे हवा धरते, आणि ऑईल प्रेशरचा काटाही खाली येतो. वरवर या तक्रारींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. पण डिपस्टिक काढून पाहिली तर ऑईलची पातळी खुणेच्या वर गेलेली असते, ऑईल पाण्यासारखं पातळ ओघळतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. ऑईल खात नाही, उलट वाढतं, म्हणून समाधान मानणाऱ्या मालकाला हे सांगायला हवं की डिझेलमिश्रित ऑईलवर चाललेलं इंजिन बेअरिंगं खातं. प्रेशर कमी म्हणून जाड ऑईल भरणं किंवा ऑईल पंप बदलणं हे लक्षणावरचं औषध झालं. फीड पंपाबाबत एक चूक वारंवार होते. एअर काढताना त्याचा हाताचा लिव्हर मोकळाच हलतो आणि पंप गेला असं ठरतं. खरं तर कॅमशाफ्टने पंपाचा लिव्हर आतून दाबून धरलेला असू शकतो. इंजिन थोडं फिरवलं की हातपंप पुन्हा जोर धरतो.

इंजिन मिसिंग करतं तेव्हा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला. इंजिन मंद चालवून एकेका नोझलच्या पाईपचा नट किंचित सैल करावा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज पडतो तो सिलिंडर काम करतोय. जिथे काहीच फरक पडत नाही तिथे दोष आहे. मग त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्यात आणि शेजारचं त्याच्यात, नवे तांब्याचे वायसर घालून, बसवावं. दोष नोझलसोबत सरकला तर नोझल खराब. जागीच राहिला तर पंपाचा तो एलिमेंट, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. वायसरांखेरीज एक पैसा न घालता या शक्यतांतली एक बाद होते किंवा पक्की होते. सगळीच नोझल नवी घातली तर गाडी कदाचित सुधारेल, पण कशामुळे सुधारली हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात होईल. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि पाईपच्या तोंडापुढे बोट कधीही आणू नये. त्या पाईपमधल्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम दिसते त्याहून फार गंभीर असते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा असतो आणि तो खरा आहे. दिवाळीच्या तोंडावर वाफसा आला की हरभरा-ज्वारीची पेरणी थांबत नाही, आणि तेव्हा ‘तपासत बसू’ म्हणणारा मेस्त्री कुणालाच नको असतो. पण वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा मिळून अर्धा दिवसही घेत नाहीत. उतरवलेलं हेड परत बसायला मात्र दिवस लागतात, आणि चुकीच्या निदानाने उतरवलं असेल तर वाफसा तेवढ्यात निघून जातो. घाईच्या दिवसांत तपासाचा क्रमच वेळ वाचवतो. आधी फुकटचं, मग स्वस्त, आणि खोलण्याची पाळी सगळ्यात शेवटी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाडी जुनी आहे, सगळंच झिजलंय, मग एकदाच सगळं काम करून मोकळं का होऊ नये? झीज खरी असते आणि कधी कधी इंजिन काम खरोखरच निघालेलं असतं. ब्रीदरमधून धूर जोरात येत असेल, निळा धूर थांबत नसेल आणि गेज लावल्यावर कॉम्प्रेशन कमी निघत असेल, तर खोलायलाच हवं. पण तेव्हाही, रिंगा कशाने गेल्या, हा प्रश्न उरतो. एअर क्लीनर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला रबरी पाईप चिरलेला असेल, किंवा क्लीनरच्या वाटीत ऑईलच नसेल, तर शेतातली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी लायनर घासते. तो पाईप तसाच ठेवून नवे लायनर घातले तर तेही त्याच वेगाने झिजतील. एकमेकांपासून वेगळे असे दोन बिघाड एकाच गाडीत असू शकतात, हेही मान्य. लिफ्टचं दुखणं बऱ्याचदा स्वतंत्र निघतं. अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते हळूहळू खाली आलं तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. जागच्या जागी राहिलं पण उचलतानाच संथ असेल तर ऑईलची पातळी, जाळी आणि पंप पाहायचे. ही परीक्षा करताना अवजाराखाली कुणी जायचं नाही. एका वेळी एकच बदल करणाऱ्याला असा दुसरा बिघाड वेगळा ओळखता येतो. सगळं एकदम बदलणाऱ्याला तो कधीच कळत नाही.

तिसरा आक्षेप अनुभवी मेस्त्रींचा : आवाज ऐकला की कळतं, मीटर कशाला? तयार कानाबद्दल मला आदर आहे. वर्षानुवर्षं इंजिनं ऐकलेला माणूस कुठे पाहायचं हे पटकन सांगतो. पण सैल पट्ट्याने जड झालेला सेल्फ आणि गंजलेल्या अर्थिंगने जड झालेला सेल्फ ऐकायला सारखाच असतो. तिथे आकडाच निवाडा करतो. आकड्याचा आणखी एक फायदा म्हणजे तो वहीत लिहून ठेवता येतो. तुलनेला मूळ आकडेही मिळतात. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होऊन ताकद, डिझेलचा खर्च आणि लिफ्टची क्षमता यांचे अहवाल निघतात. कंपनीच्या पुस्तिकेत टॅपेटची फट आणि ऑईलचं प्रमाण दिलेलं असतं. गाडी नवी असताना काय होती हे माहीत असेल तरच आज ती किती उतरली हे सांगता येतं.

मग इतकी साधी गोष्ट होत का नाही? मला दिसणारं कारण तंत्राचं नाही, व्यवहाराचं आहे. आपण मेस्त्रीला खोलण्या-बांधण्याचे आणि सुट्या भागांचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. दोन तास मीटर घेऊन फिरून ज्याने पॉलिश पेपरवर काम भागवलं, त्याच्या हातावर चहापुरते पैसे ठेवतो आणि इंजिन खोलणाऱ्याला हजारो मोजतो. मग तपास करावा असं कुणाला वाटेल? म्हणून माझी मागणी मालकांकडे आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवा आणि बिघाड किरकोळ निघाला तरी ती पूर्ण द्या. कोणताही भाग बदलण्याआधी, कशावरून, असं विचारा. काढलेला जुना भाग पाहायला मागा, आणि इंजिनच्या तासांसह प्रत्येक बदल वहीत टिपून ठेवा. मेस्त्रींनीही, पाहतो आणि मग सांगतो, असं म्हणायला कमीपणा मानू नये. हे जुने ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातली ताकद आहेत. ते मोडीत निघतात तेव्हा झीज हे एक कारण असतं, आणि झिजण्याच्या कितीतरी आधी अंदाजाने केलेल्या दुरुस्त्यांचा खर्च हे दुसरं. पहिलं कारण आपल्या हातात थोडंच आहे, पण दुसरं पूर्णपणे आहे.