जुन्या गोव्याचा उरलेला मनोरा

चंद्रपूरकरांना पडक्या भिंतींचे नवल नाही. गोंडराजांचा परकोट आपल्या रोजच्या वाटेवर आहे. तरीही गोव्याला गेलेली आम्ही तीन कुटुंबे जुन्या गोव्यात एका मोडक्या मनोऱ्यापाशी बराच वेळ थांबलो.

हे शहर पूर्वी विजापूरच्या आदिलशाहीचे मोठे बंदर होते. अरबस्तान आणि इराणचे घोडे येथे उतरत. १५१० साली अल्बुकर्कने शहर जिंकले आणि येथील मुसलमानांची कत्तल झाली.

१५७२ मध्ये ऑगस्टिनियन पंथाचे संन्यासी गोव्यात आले. त्यांच्या मठाचे भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. आज उभा असलेला मनोरा जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंच. पुढे साथीच्या रोगांनी शहर ओस पडत गेले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच संन्याशांना मठातून घालवले. देखभालीला कोणी उरले नाही. १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत अर्ध्या मनोऱ्यासह पडली. चर्चची घंटा मात्र पणजीच्या चर्चमध्ये आजही आहे.

या मठाची एक हकिगत आपण मुसलमानांनी मुद्दाम ऐकावी. जॉर्जियाची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. इस्लाम स्वीकारायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराज येथे तिला हालहाल करून मारले. संन्याशांनी तिचे काही अवशेष गोव्यात आणून या मठात ठेवले. पुरातत्त्व खात्याला उत्खननात अस्थी सापडल्या, डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला सुपूर्द केल्या.

हे वाचून अवघडल्यासारखे होते, पण लपवण्यासारखे काही नाही. श्रद्धा सक्तीने लादू नये, हा कुरआनचाच आदेश. शाह अब्बासने तो मोडला. बादशहाचे कृत्य म्हणजे दीन नव्हे. १५१० च्या कत्तलीबद्दल बोलायचे, तर १६२४ बद्दलही बोलावे लागेल. सूरह हजमध्ये मशिदींबरोबर मठ आणि चर्च यांच्याही रक्षणाचा उल्लेख आहे, तो उगीच नाही.

गोव्याला जाल तेव्हा समुद्रकिनाऱ्याच्या वेळातून अर्धा दिवस काढा. मनोऱ्याच्या सावलीत बसून मुलांना या दोन्ही सालांची गोष्ट सांगा.